बाहेरून आणलेलं बिल्ड

काका ऑफिसला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, दोन पायऱ्या उतरायचे आणि परत वर येऊन ओढून बघायचे. ते कुलूप बिचारं एवढ्या वर्षांत एकदाही उघडं सापडलं नाही, पण काकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही तो नाहीच. ऑफिसातल्या लोकांनी त्यांचं नाव खातरजमा ठेवलं होतं. तोंडावर काका, पाठ वळली की खातरजमा. काकांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

ऑफिस होतं चष्म्याच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, आणि तिसरी जी पूर्वी कोणाचं तरी स्वयंपाकघर होती, तिच्यात सर्व्हर. ओट्यावर मशीन, सिंकच्या भोकाला ठोकलेली फळी, आणि एसीच्या ठिबकण्याखाली एक निळी बादली. दिसायला हे असं, पण शहरातल्या निम्म्याअधिक रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट ह्या ओट्यावरून लोकांच्या फोनवर जायचे. सकाळी दंडातून रक्त द्यायचं, संध्याकाळी फोन उघडून धडधडत्या छातीने आकडे बघायचे. ते आकडे खरे असण्याची जबाबदारी काकांची. त्यात कोणी हात घालू नये ह्याची तर त्याहून जास्त.

आता वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर तयार मिळतं. एक आज्ञा दिली की येतं, बसतं, चालतं, आणि सगळं जग तसंच करतं. काका सोडून! काका त्याचा सोर्स कोड उतरवून घ्यायचे, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर. आधी त्याचा चेकसम तपासायचे. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, आत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. ठसा जुळला की मग तो कोड आपल्या मशीनवर, आपल्या हाताने कंपाइल करायचे, म्हणजे त्या मजकुरातून मशीनला चालवता येईल अशी फाइल तयार करायचे. नंतर स्क्रिप्ट चालवणारी मॉड्यूलं, म्हणजे सर्व्हरला जोडायचे सुटे भाग, तेही एकेक करून सोर्समधूनच. एखादं मॉड्यूल मध्येच अडलं की काका त्याच्याशी भांडायचे, अक्षरशः मोठ्याने, आणि शेवटी ते बसलं की हात झटकत बाहेर यायचे.

"तयार पीठ आणणाऱ्याला विचारा, आत काय मिसळलंय," ते म्हणायचे. "आपण धान्य आणायचं, निवडायचं, आपल्या चक्कीवर दळायचं. मग रात्री झोप लागते."

"झोप लागते म्हणे," काकू म्हणायच्या. "मिठाचा डबा माझ्या हातातून घेऊन आत मीठच आहे ना, ते चाखून बघणारा माणूस."

तर अशा माणसाची बोटं थरथरायला लागली. आधी चहाचा कप, मग सही, मग कीबोर्ड. एका अक्षराऐवजी दोन उमटायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे काम दुसऱ्याला द्या. दुसरा म्हणजे जावई. एकुलत्या एका लेकीचा नवरा, ह्याच ऑफिसात लॅबवाल्यांची वेबपानं सांभाळणारा. शांत, कामाला चोख, आणि कमी बोलणारा. ह्या शेवटच्या गुणाने तर काका हैराण व्हायचे. बोलत नाही म्हणजे मनात काय चाललंय ते कळणार कसं?

लेक ऑफिसात लॅबवाल्यांचे फोन घ्यायची. बापाचा स्वभाव तिने लहानपणापासून भोगलेला. व्यवसाय नवऱ्याच्या नावावर करायचं ठरलं तेव्हाच तिने बजावलं, "बाबा, हवं तर देऊ नका, आमचं काही म्हणणं नाही. पण दिलंत तर पुरतं द्या. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने चाचपत बसाल तर मी हे ऑफिसही सोडेन आणि तुमच्या घरी येणंही."

"मी कशाला चाचपतोय?" काका म्हणाले. चाव्या दिल्या. सर्व्हरचा पासवर्ड दिला. येत्या सोमवारी वकील येणार, सह्या होणार, असं ठरलं. त्याच सुमारास सर्व्हरची नवी आवृत्ती बसवायची होती, आणि काकांच्या हयातीत पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणीतरी कंपाइल केली. जावयाने. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकत होते.

आणि इथूनच पाणी मुरायला लागलं.

पहिली गोष्ट, जावई जेवणाच्या सुट्टीत ओट्यापाशी बसायला लागला. काका आत डोकावले की स्क्रीनवरची खिडकी खाली जायची. दुसरी गोष्ट, फोन. "हो, तुझ्याकडेही तेच यायला हवं," असं हळू आवाजात बोलताना काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. काय यायला हवं? कोणाकडे? तिसरी गोष्ट तर डोळ्यांनी पाहिली. समोरच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात जावई एका दाढीवाल्याबरोबर बसला होता. दाढीवाला कोण? तर काकांच्या लॅबा पळवायला टपलेल्या त्या दुसऱ्या कंपनीतला माणूस. दोघं एकमेकांचे फोन शेजारी शेजारी धरून काहीतरी अक्षर न् अक्षर ताडून बघत होते. आणि जुळल्यावर हसले! काका रस्त्यापलीकडे एका छत्र्यांच्या दुकानात उभे राहून एक नको असलेली छत्री उघडत-मिटत होते. शेवटी दुकानदार म्हणाला, "घ्यायची आहे का आजोबा?" तेव्हा घ्यावीच लागली.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "छत्री कशाला?"

"लागेल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हरला त्याची आवृत्ती विचारली. हे म्हणजे रस्त्यात कोणाला वेळ विचारण्याइतकं साधं, त्यात कोणाला संशय यायचं कारण नाही. सर्व्हर आपलं नाव सांगतो, आवृत्ती सांगतो आणि खाली एका ओळीत बिल्ड केल्याची, म्हणजे कंपाइल करून तयार केल्याची, तारीख सांगतो. काकांनी ती तारीख वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली. तारीख कितीतरी आधीची होती. त्या दिवशी जावयाच्या हातात चाव्या नव्हत्या की पासवर्ड नव्हता. म्हणजे ज्या दिवशी काका बाहेर खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकत होते, त्या दिवशी आत दळण दळलंच गेलं नव्हतं. नुसता देखावा! हा माल आधीच कुठेतरी तयार झाला होता आणि बाहेरून आणून इथे ठेवला होता.

कुठून, ते सांगायला आता ज्योतिषी नको होता. दाढीवाला!

पण काका म्हणजे काका. खात्री केल्याशिवाय ते देवालाही हात जोडत नसत. जावयाचं फोल्डर उघडून बघावं असं एकदा मनात आलं होतं. त्यात त्याने बिल्ड करताना वापरलेली स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला दिलेल्या आज्ञांची यादी, उघड्यावरच ठेवली होती. पण उघडलं की सर्व्हरवर नोंद राहते, आणि नोंद राहिली की चोर सावध होतो. नको. त्यांनी वेगळी वाट धरली. बॅकअपमधून सर्व्हरची बिल्ड झालेली फाइल घरच्या जास्तीच्या मशीनवर घेतली. त्या मशीनवर तोच कंपायलर, तेच सगळं. मग तोच सोर्स उतरवला, ठसा तपासला, आणि थरथरत्या बोटांनी, चुकत, खोडत, स्वतः कंपाइल केला. मॉड्यूलं केली. दोन्हींचे चेकसम काढले आणि शेजारी शेजारी ठेवले.

पहिलं अक्षरच वेगळं. पुढचं सगळंच वेगळं.

खरं सांगायचं तर काकांना रडू आलं. आपण बरोबर निघालो ह्याचा आनंद माणसाला होतो म्हणतात, तो त्यांना काही झाला नाही. लेकीचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. पण लोकांच्या रक्ताचे आकडे त्या मशीनमध्ये होते, आणि त्यात परक्याचा हात शिरला होता. गप्प कसं बसायचं?

दुपारी ऑफिसात गेले ते तडक ओट्यापाशी. लेक बाहेर फोनवर होती.

"जावईबापू," काका म्हणाले, "तुम्ही हा सर्व्हर कुठे कंपाइल केलात?"

काकांनी 'अरे-तुरे' सोडून 'तुम्ही' म्हटलं की समजावं, पारा चढलाय. जावई खुर्ची वळवून बघायला लागला. "इथेच, बाबा. तुम्ही बाहेर बसला होतात की."

"बसलो होतो. बावळटासारखा बसलो होतो! तारीख बघितली मी. ठसा पण बघितला. माझ्याशी जुळत नाही. आत काय घातलंय तेवढं सांगा. आणि त्या दाढीवाल्याने किती कबूल केलंय, तेही सांगून टाका एकदाचं."

जावयाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "तुम्ही तपासलंत? घरी? मला न सांगता?"

"चोराला सांगून तपासतात का?"

तो शब्द बाहेर पडला आणि बाहेरच्या खोलीतला फोन ठेवल्याचा आवाज आला. लेक दारात उभी होती.

"बाबा, सोमवारी मी तुम्हाला—" जावई म्हणाला.

"सोमवारी! सह्या झाल्यावर ना? वा! मग माझ्या हातात काय राहणार, ही बादली?"

जावयाने खिशातून चाव्या काढल्या, ओट्यावर ठेवल्या. आवाज न करता ठेवल्या, ते काकांना जास्त लागलं. लेकीने पर्स उचलली. नवऱ्याला म्हणाली, "चल," आणि दोघं जिना उतरून गेली. मागे लॅबवाल्यांचा फोन वाजत राहिला, तो काकांनी घेतला आणि पलीकडच्याला उगाचच झापलं.

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी घरात आकाशपाताळ एक केलं. असलं तसलं नव्हे, भांडी धुता धुता, एकेक भांडं आपटत.

"पुरावा आहे," काका म्हणाले. "दोन्ही जुळत नाहीत. गणितच आहे ते, त्यात माझा स्वभाव कुठे आला?"

"तुमच्याशी कोण जुळलंय आजवर? दूधवाला जुळला नाही, शेजारी जुळला नाही, सख्खा भाऊ घराकडे फिरकत नाही. सकाळी एक बोलता, दुपारी एक बोलता. मी म्हणते, तुमचं तुमच्याशी तरी जुळतं का हो कधी?"

काका उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच राहिले.

काकूंना वाटलं, लागलं वाटतं वर्मी. तसं नव्हतं. काकांच्या मनात आलं होतं की ही गोष्ट आपण तपासलेली नाही. दुसऱ्याचं आपल्याशी ताडून बघितलं. आपलं आपल्याशी? छे, त्याची काय गरज? तोच सोर्स, तेच मशीन, तोच माणूस. जुळणारच. ते झोपाळ्यासारखे दोनदा खोलीत फिरले आणि मग स्वतःवरच चिडून मशीनपाशी बसले. एकदाची ही पण खातरजमा होऊन जाऊ दे, आणि काकूंचं तोंड बंद होऊ दे.

शनिवारची दुपार होती. खाली मुलं चेंडू खेळत होती. काकांनी पहिलं बिल्ड बाजूला ठेवलं आणि दुसरं सुरू केलं. ओळी पळायला लागल्या. काकांच्या मनात लाडू फुटायला लागले होते, आता बघा. संपलं. चेकसम काढला.

जुळला नाही.

कुठेतरी चूक झाली असणार, बोटं थरथरतात. पुन्हा केलं. एकेक आज्ञा तीनदा वाचून दिली. हा तिसरा ठसा, तो पहिल्याशीही जुळेना आणि दुसऱ्याशीही जुळेना. आपल्या घरातल्या मशीनवर, आपल्या हाताने, दारं लावून केलेलं काम! कोणावर आळ घ्यायचा आता? खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मग त्यांनी दोन फाइली उघडून फरक कुठे आहे ते शोधायला घेतलं. फरक होता एवढासा, एका कोपऱ्यात. तारीख आणि वेळ. सर्व्हर बिल्ड होताना घड्याळात बघतो आणि ती वेळ आपल्या पोटात लिहून ठेवतो. म्हणजे एका घटकेला केलेलं दुसऱ्या घटकेच्या बिल्डशी जुळणार नाहीच, कोणीही करू दे. उतरवलेल्या सोर्सचा ठसा जन्मभर जुळत आला, म्हणून तयार झालेल्या मालाचाही जुळेल असं काका धरून चालले होते. ताडून बघायची वेळच कधी आली नव्हती. कारण करणारे तेच होते आणि ताडणारेही तेच होते, आणि स्वतःवर कोण संशय घेतं?

आता चोर सावध होण्याचा प्रश्न नव्हता. काकांनी सर्व्हरवर जाऊन जावयाचं ते फोल्डर उघडलं. स्क्रिप्ट समोर होती. तिच्यात एक ओळ होती, घड्याळ न बघता ठरावीक तारीखच घाल असं सांगणारी. तीच ती आधीची तारीख. ती कुठून आली, ते सोर्सबरोबर आलेल्या बदलांच्या यादीत पहिल्याच ओळीत होतं. सोर्स ज्या दिवशी प्रसिद्ध झाला तो दिवस. आणि त्या ओळीच्या वर जावयाने आपल्या स्वभावाप्रमाणे थोडक्यात लिहून ठेवलं होतं: 'कोणीही, कुठेही बिल्ड केलं तरी ठसा एकच यावा. बाबांना ताडून बघता यावं म्हणून. इथे आणि बाहेरच्या एका मशीनवर जुळलं. सोमवारी बाबांच्या घरच्या मशीनवर करून दाखवायचं.'

कॉफीच्या दुकानातलं ते हसणं काकांना आठवलं. "तुझ्याकडेही तेच यायला हवं."

त्यांनी ती स्क्रिप्ट घरच्या मशीनवर चालवली. ठसा आला. अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचत गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सर्व्हरवरच्या जावयाच्या बिल्डशी जुळला.

काका खुर्चीत मागे टेकले. इतकी वर्षं त्यांनी जे जे बिल्ड ओट्यावर बसवलं, त्यातलं एकही कोणाला ताडून बघता आलं नसतं. त्यात काय घातलंय हे फक्त त्यांच्या शब्दावर होतं. लॅबवाल्यांनी तो शब्द मानला. लोकांनी आकडे बघून औषधं घेतली. लेकीने मानला, जावयाने मानला, एकानेही त्यांच्या पाठीमागे घरी जाऊन ठसा काढला नाही. सगळ्या ऑफिसात ज्याची खात्री करता येणार नाही असं एकच माणूस होतं, आणि त्याला सगळे खातरजमा म्हणत होते. काकांना इतकी लाज वाटली की काकूंनी चहा आणून ठेवला तरी त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी सकाळी ते लेकीच्या घरी गेले. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून लेकीचा एक डोळा दिसला.

"काय हवंय?"

"तपासून आलोय," काका म्हणाले.

"अजून? कोणाला?"

"मला," काका म्हणाले. "माझं जुळलं नाही. त्याचं जुळलं."

दार लोटलं गेलं, साखळी निघाली आणि दार पुन्हा उघडलं.

जावई आत शर्टाला इस्त्री करत होता. त्याने मान वर केली आणि इस्त्री उभी करून ठेवली. काका वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं विसरले. "चुकलो रे," ते म्हणाले, "फार वाईट बोललो. चोर म्हटलं तुला."

"तुम्ही मला एकदा विचारलं असतं ना बाबा," जावई म्हणाला, "तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही. तपासलंत." "मी अर्धवट असताना सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यात दहा खोड्या काढल्या असत्या. म्हटलं, एकदम जुळलेलंच दाखवू. तुम्ही खूश व्हाल."

जावयाने इस्त्रीचा प्लग काढला.

"त्या दाढीवाल्या मित्राने काल विचारलं, आमच्याकडे येतोस का. ह्यापूर्वी त्याने कधीच विचारलं नव्हतं आणि मीही विषय काढला नव्हता. मी अजून काही बोललो नाही त्याला."

आतापर्यंतचे काका असते तर त्यांनी विचारलं असतं, कधी विचारलं, कुठे, काय शब्दांत. ते प्रश्न त्यांच्या जिभेवर आलेही. त्यांनी ते गिळले आणि चाव्या टीपॉयवर ठेवल्या.

"मग आता मी विचारतो," ते म्हणाले. "परत येशील का?"

जावयाने बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, तिने काही मदत केली नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"बरं."

काका घरी आले. काकू दारातच उभ्या. "काय म्हणाला?"

"उद्या सांगतो म्हणाला."

"उद्या म्हणजे कधी? सकाळी की वकील आल्यावर? आणि नाहीच म्हणाला तर?"

"सांगतो म्हणालाय ना? सांगेल."

काकूंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप वगैरे आहे का. काका फोन समोर ठेवून खुर्चीत बसले आणि दिवसभर त्यांनी लेकीला एकही फोन केला नाही. फोन चालू आहे ना, हे मात्र त्यांनी अधूनमधून उचलून पाहिलं.